तारणातला हिरा आणि पाण्याखालची जमीन

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये रतन टाटा गेले, तेव्हा पुढचे आठ-दहा दिवस घरोघरच्या मोबाइलवर टाटा घराण्याच्या गोष्टींचा पाऊस पडत होता. त्यांत एक गोष्ट हमखास असे. पोलादाचा कारखाना अडचणीत आला, कामगारांचे पगार द्यायला पैसे उरले नाहीत, तेव्हा टाटांनी बायकोचा हिरा बँकेत गहाण ठेवला! कोणी ही गोष्ट जमशेटजींच्या नावावर घातली होती, कोणी जेआरडींच्या. मला आलेल्या एका संदेशात तर ती खुद्द रतन टाटांच्या नावावर होती. ते आयुष्यभर अविवाहित होते, ही किरकोळ अडचण लिहिणाऱ्याच्या ध्यानात आली नसावी.

ज्यांची ही गोष्ट, ते सर दोराबजी टाटा. जमशेटजींचे थोरले चिरंजीव. टाटांचा इतिहास सांगताना आपण जमशेटजींच्या स्वप्नांवरून एकदम जेआरडींच्या विमानावर येतो. मधली अठ्ठावीस वर्षे, म्हणजे १९०४ ते १९३२, ज्यांनी या घराची धुरा वाहिली, ते दोराबजी या दोन थोर माणसांच्या सावल्यांमध्ये हरवून जातात. बापाने स्वप्न पाहिले एवढे आपल्याला पाठ असते. ते स्वप्न कर्ज काढून, वेळप्रसंगी घरातला दागिना काढून कोणी उभे केले, हे विचारायचे राहून जाते.

माझी उमेदीची तीसेक वर्षे बँकेच्या कर्ज विभागात गेली. कादंबऱ्या लिहिल्या त्या रात्री आणि रविवारी. दिवसभर डोळ्यांपुढे असत ते ताळेबंद, हमीपत्रे आणि तारणाची कागदपत्रे. त्यामुळे ही हिऱ्याची गोष्ट मी नुसती हळवा होऊन वाचू शकत नाही. मला तिच्यात एक नोंद दिसते. आणि नोंद म्हटली की तिची दुसरी बाजूही पाहावी लागते. आज या दोन्ही बाजू वाचकांपुढे मांडायच्या आहेत.

दोराबजींचा जन्म २७ ऑगस्ट १८५९ चा, मुंबईचा. शिक्षणासाठी ते इंग्लंडला गेले, केंब्रिजला दोन वर्षे राहिले, परत येऊन १८८२ मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातून पदवीधर झाले. श्रीमंत घरचा मुलगा म्हणून थेट गादीवर बसले असे झाले नाही. आधी दोन वर्षे त्यांनी 'बॉम्बे गॅझेट' या वृत्तपत्रात उमेदवारी केली. मग वडिलांच्या धंद्यात शिरले आणि नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये काम शिकले. १८९८ मध्ये त्यांचे लग्न झाले. पत्नी मेहेरबाई या म्हैसूर संस्थानातले शिक्षणाधिकारी डॉ. होरमसजी भाभा यांच्या कन्या. पुढे अणुशास्त्रज्ञ म्हणून जगाला ठाऊक झालेले होमी भाभा हे मेहेरबाईंच्या भावाचे चिरंजीव.

नागपूरचा आणि टाटांच्या पोलादाचा एक धागा फारसा कोणी सांगत नाही. लोखंडाच्या खाणीच्या परवान्याच्या कामासाठी दोराबजी नागपूरला मध्य प्रांताच्या चीफ कमिशनरला भेटायला गेले होते. साहेब जागेवर नव्हते. वेळ घालवायला म्हणून ते समोरच्या वस्तुसंग्रहालयात शिरले आणि तिथे त्यांना भूगर्भाचा एक नकाशा दिसला. दुर्ग जिल्ह्याच्या भागात लोखंडाची खूण म्हणून गडद रंग भरलेला होता. साहेब वेळेवर भेटले असते तर तो नकाशा कदाचित त्यांनी पाहिलाही नसता. अखेर कारखाना उभा राहिला तो दुर्गजवळ नव्हे. भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांनी १९०४ मध्ये मयूरभंजच्या लोखंडाची बातमी कळवली आणि जागा ठरली ती साकची, म्हणजे आजचे जमशेदपूर. परंतु त्या नकाशाने शोधाला दिशा दिली, हे खरे.

१९ मे १९०४ रोजी जर्मनीत बाड नौहाइम येथे जमशेटजी वारले. तेव्हा दोराबजी चव्वेचाळीस वर्षांचे होते. वारशात काय आले? गिरण्या होत्या, मुंबईचे नुकतेच सुरू झालेले ताजमहाल हॉटेल होते. आणि तीन अपुरी कामे होती. पोलादाचा कारखाना, पाण्यावरची वीज आणि विज्ञानाची संस्था. तिन्हींना पैसा अफाट लागणार होता आणि तिन्हींतून परतावा कधी येईल हे कोणीच सांगू शकत नव्हते. आजच्या भाषेत सांगायचे तर कोणताही कर्ज अधिकारी अशा प्रस्तावावर लाल शाईने तीन-चार प्रश्न लिहून तो परत पाठवील.

लंडनच्या भांडवलदारांनीही तेच केले. तेव्हा दोराबजी आणि त्यांचे सहकारी इकडे आपल्या लोकांपुढे आले. स्वदेशीचे दिवस होते. २६ ऑगस्ट १९०७ रोजी टाटा आयर्न अँड स्टील कंपनीची नोंदणी झाली आणि तीन आठवड्यांत सुमारे आठ हजार भारतीयांनी भांडवल उभे करून दिले. १६ फेब्रुवारी १९१२ रोजी साकचीत पोलादाचा पहिला ठोकळा निघाला. त्याआधी बंगलोरची विज्ञान संस्था १९०९ मध्ये स्थापन झाली होती, आणि १९१५ मध्ये लोणावळ्याच्या तलावांचे पाणी घाटाखाली खोपोलीला उतरून मुंबईच्या गिरण्यांना वीज देऊ लागले. वडिलांच्या मागे अकरा वर्षांत तिन्ही कामे मार्गी लागली होती.

या माणसाला व्यवहाराबाहेरच्या गोष्टींचेही वेड होते. १९१९ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष असताना त्यांनी तिथल्या शर्यतींत अनवाणी धावणारी खेड्यापाड्यातली पोरे पाहिली आणि त्यांच्या मनात ऑलिंपिकचा विचार आला. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारताचे सहा जणांचे पथक गेले ते दोराबजींच्या खटपटीने आणि बरेचसे त्यांच्या पदरच्या पैशाने. बेळगावचे फडेप्पा चौगुले त्यात मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले. कोल्हापूरचे रणधीर शिंदे कुस्तीत चौथ्या क्रमांकापर्यंत पोहोचले. मराठी मुलखाने त्यांचे हे ऋण मानलेच पाहिजे. त्याच मुलखाशी त्यांचा दुसराही एक हिशेब आहे. त्याकडे येतोच.

आधी हिरा.

पहिल्या महायुद्धात जमशेदपूरच्या रुळांना मोठी मागणी आली. त्या भरात कंपनीने कारखान्याच्या विस्ताराचे प्रचंड काम हाती घेतले. युद्ध संपले, यंत्रांच्या आणि बांधकामाच्या किमती वाढल्या, युरोपातून स्वस्त पोलाद येऊन पडू लागले. जपान हे कंपनीच्या कच्च्या लोखंडाचे मोठे गिऱ्हाईक. तिथे १९२३ मध्ये भीषण भूकंप झाला आणि तीही बाजारपेठ बसली. विस्तार अर्धवट, तिजोरी रिकामी, आणि १९२४ मध्ये जमशेदपूरहून मुंबईला तार आली की पगाराला पैसे पुरणार नाहीत.

तेव्हा दोराबजींनी आपली वैयक्तिक मालमत्ता, सुमारे एक कोटी रुपयांची, इम्पीरियल बँकेकडे तारण ठेवली. त्यात मेहेरबाईंचे दागिने होते आणि त्या दागिन्यांत तो ज्युबिली हिरा होता. दक्षिण आफ्रिकेच्या खाणीत १८९५ मध्ये सापडलेला, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवावरून नाव मिळालेला, २४५ कॅरटचा. कोहिनूरच्या दुपटीहून मोठा. बँकेने कर्ज दिले, पगार झाले. ती इम्पीरियल बँक म्हणजेच १९५५ नंतरची आपली स्टेट बँक.

या नोंदीचे महत्त्व कळायला कंपनीच्या नावापुढचा 'लिमिटेड' हा शब्द नीट वाचावा लागतो. आपण तो नावाचा शेपटासारखा भाग समजून सोडून देतो. त्याचा अर्थ असा, की कंपनी बुडाली तर भागधारकाचे नुकसान त्याने घातलेल्या पैशापुरतेच. त्याचे घर, त्याच्या बायकोचे दागिने, मुलांच्या नावची ठेव यांना धक्का लागत नाही. ही सोय वाईट नाही. तिच्यावाचून मोठे उद्योग उभेच राहिले नसते. कायद्याने घातलेली ती एक भिंत आहे, आणि भिंतीच्या आत राहण्याचा दोराबजींना पूर्ण अधिकार होता. कंपनी बुडाली असती, हजारो लोक रस्त्यावर आले असते, आणि दोराबजी हिऱ्यासह सुखरूप राहिले असते. कायद्याने त्यांना बोल लावता आला नसता. ते स्वतःहून भिंतीबाहेर आले.

माझ्या नोकरीत या भिंतीच्या दोन्ही बाजूंची माणसे मी पाहिली. एका तालुक्याच्या गावी शाखेत असताना एक लेथवाला येई. चार कामगार, भाड्याची शेड. मोठ्या गिऱ्हाइकाने बिले थकवली की दिवाळीच्या तोंडावर तो आणि त्याची बायको सोनेतारण कर्जाच्या खिडकीशी उभी राहत. ती बाई हातातल्या पाटल्या काढून सराफाच्या काट्यावर ठेवी आणि म्हणे, "पोरांचा बोनस झाला पाहिजे, साहेब. पाटल्या काय, पुन्हा सुटतील." सुटत असत. पुढे मोठ्या शहरात बदली झाल्यावर दुसरा नमुना पाहिला. कारखान्याला कुलूप, कामगारांच्या भविष्यनिर्वाह निधीचा भरणा थकलेला. आणि मालकाच्या वैयक्तिक हमीचा विषय काढला की समोर मालकाऐवजी वकील येऊन बसे. बंगला कोणाच्या नावावर, गाड्या कोणाच्या नावावर, हे शोधण्यात आमची वर्षे जात.

म्हणून मला दोराबजी मोठे वाटतात ते त्यांचा हिरा मोठा होता म्हणून नव्हे. लेथवाल्याच्या बायकोने पाटल्या उतरवताना जे केले, तेच त्यांनी केले. फक्त आकडा मोठा होता. इतके मोठे झालेले माणूस इतके साधे काम क्वचित करते.

आणि एक गोष्ट इथेच सांगितली पाहिजे. तो हिरा मेहेरबाईंच्या गळ्यातला होता. आपल्याकडे अडचणीच्या वेळी घरातले पहिले सोने बाईच्या अंगावरचे उतरते आणि गोष्ट मात्र पुरुषाच्या नावाने सांगितली जाते. मेहेरबाई काही नवऱ्याच्या सावलीत बसणाऱ्या नव्हत्या. साडी नेसून टेनिसच्या स्पर्धा जिंकणाऱ्या, स्त्रियांच्या संघटना बांधणाऱ्या, बालविवाह बंद करणाऱ्या १९२९ च्या सारडा कायद्यासाठी झटणाऱ्या त्या बाई होत्या. हिऱ्याच्या गोष्टीत त्यांचे नाव निम्मे तरी लागलेच पाहिजे.

कंपनी सावरली ती केवळ हिऱ्यामुळे नाही, हेही प्रामाणिकपणे नोंदवू. त्याच १९२४ साली सरकारने पोलाद उद्योगाला संरक्षण देणारा कायदा केला. बाहेरच्या पोलादावर जकात बसली, देशी पोलादाला अनुदान मिळाले. म्हणजे या देशातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाने आणि करदात्याने त्या कारखान्याला थोडा थोडा हात दिला. मोठा उद्योग एकट्या माणसाच्या त्यागावर कधीच उभा राहत नाही. लोकांचा पैसा, लोकांचे श्रम आणि लोकांची जमीन त्यात असतेच. जमशेदपूरच्या कामगारांना आठ तासांचा दिवस १९१२ पासून मिळाला, भविष्यनिर्वाह निधी १९२० मध्ये आला, हे खरे. आणि त्याच गावात १९२०, १९२२ आणि १९२८ मध्ये मोठे संप झाले, हेही खरे. मालक भला असला म्हणून कामगाराचे गाऱ्हाणे संपत नाही.

आता जमिनीविषयी.

पुण्याच्या पश्चिमेला, सह्याद्रीच्या कडेला, मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमापाशी मुळशी पेटा. भाताची खाचरे, पन्नासच्या आसपास गावे, पिढ्यान्‌पिढ्या राहणारे मावळे. लोणावळ्याच्या तलावांनंतर टाटांनी आणखी विजेसाठी हे खोरे निवडले. धरण बांधायचे, पाणी बोगद्यातून कोकणात भिरा येथे उतरवायचे आणि वीज मुंबईला न्यायची. १९१९ मध्ये त्यासाठी वेगळी कंपनी निघाली. जमीन हवी होती. ती सरकारने १८९४ च्या भूसंपादन कायद्याने मिळवून द्यायची होती. त्या कायद्यात मालकाला 'तुझी जमीन देतोस का' असे विचारण्याची तरतूदच नव्हती. नोटीस, मोजणी, मोबदला, विषय संपला.

मावळ्यांचा विषय संपला नाही. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट, विनायकराव भुस्कुटे, शंकरराव देव पुढे होते. बापटांना 'सेनापती' ही पदवी मिळाली ती याच लढ्यात. घोषणा होती, 'जान किंवा जमीन'. लोक धरणाच्या कामावर जाऊन बसले, काही काळ काम थांबलेही. गांधीजींनी 'यंग इंडिया'तून टाटांना सुचवले, की कायद्याने दिलेल्या हक्कावर अडून न राहता या लोकांशीच बोलावे, त्यांना पटवावे. ते झाले नाही. काम पुन्हा सुरू झाले, माणसे तुरुंगात गेली. पुढे १९२४ च्या डिसेंबरात बापटांनी धरणाच्या कामगारांना नेणारी गाडी सशस्त्र अडवली आणि सात वर्षांची शिक्षा घेतली. १९२७ मध्ये भिऱ्याची वीज सुरू झाली. खोरे पाण्याखाली गेले.

या लढ्याचा अभ्यास प्रा. राजेंद्र व्होरा यांनी फार कसून केला आहे. धरणाविरुद्धचा जगातला पहिला लढा, असे ते त्याला म्हणतात. त्यातली एक गोष्ट बँकवाल्याला विशेष बोचते. पेट्यातली पुष्कळशी जमीन पुण्याच्या सावकारांकडे गेलेली किंवा गुंतलेली होती. जमीन कसणारा मावळा म्हणत होता, जीव देऊ पण जमीन नाही. सावकाराला मोबदल्याचा आकडा दिसत होता आणि तो बरा वाटत होता. जमिनीचा कागद ज्याच्या हातात, त्याने रोख घेतली. घाम ज्याचा, तो उठला. तेव्हा मुळशीचे सगळे पाप एका टाटांच्या माथी मारून आपल्याला मोकळे होता येणार नाही. परका सरकारी कायदा त्यात होता, आणि आपलेच घरचे सावकारही होते.

तारखा पुन्हा एकदा पाहा. मुळशीचा लढा १९२१ ते १९२४. हिऱ्याचे तारण १९२४. जमशेदपूरच्या पगारासाठी स्वतःच्या घरातला हिरा काढून देणारा गृहस्थ आणि मुळशीच्या लोकांना उठवून धरण बांधणाऱ्या उद्योगसमूहाचा प्रमुख, हे त्याच काळातले एकच गृहस्थ. आपल्याला गोष्टीत माणूस एक तर देव हवा असतो किंवा राक्षस. दोराबजी दोन्ही नव्हते.

यावर कोणी म्हणेल, वीज नको होती का? हवी होती. मुंबईच्या गिरण्या कोळशाच्या वाफेवर चालत. धूर शहराच्या फुप्फुसांत जाई. पाण्याच्या विजेने तो कमी झाला, पुढे गाड्या धावल्या, घरे उजळली. त्या विजेच्या दिव्याखाली अभ्यास केलेल्या पिढ्या मराठीच होत्या. गरजेबद्दल वाद नाही. वाद विचारण्याबद्दल आहे. तारण आणि संपादन या दोन शब्दांत तोच फरक आहे. तारण माणूस स्वतः देतो, कागदावर सही करून, परत मिळण्याच्या आशेने. संपादन त्याच्याकडून होते. तो सही करो वा न करो, आणि गेलेले परत येत नाही. मेहेरबाईंचा हिरा सुटला. मुळशीची खाचरे सुटली नाहीत.

दोराबजींच्या आयुष्याचा शेवट मोठा करुण आणि मोठा उदात्त आहे. १८ जून १९३१ रोजी मेहेरबाई ल्युकेमियाने गेल्या. मूलबाळ नव्हते. धाकटे भाऊ रतनजी १९१८ मध्येच वारले होते. पत्नीच्या नावाने रक्ताच्या कर्करोगावरील संशोधनासाठी त्यांनी न्यास केला. १९३२ च्या मार्चमध्ये आपली उरलेली सगळी संपत्ती, समभागांपासून दागिन्यांपर्यंत, सर दोराबजी टाटा न्यासाच्या नावे केली. स्थळ, राष्ट्र, धर्म यांचा भेद करू नये अशी अट घातली. आणि ३ जून १९३२ रोजी, पत्नीच्या इंग्लंडमधील समाधीच्या दर्शनाला निघालेले असताना, जर्मनीत बाड किसिंगेन येथे ते वारले. वडिलांसारखेच, परक्या मुलखातल्या आरोग्यधामात.

पुढे तो हिरा विकला गेला आणि त्याचे पैसे न्यासात आले. १९३६ मध्ये समाजकार्याचे शिक्षण देणारी संस्था निघाली, तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा स्मारक रुग्णालय उघडले. पुढे ते सरकारकडे गेले आणि आज अणुऊर्जा विभागाच्या छत्राखाली चालते. १९४५ मध्ये, होमी भाभांच्या विनंतीवरून, मूलभूत संशोधनाची संस्था उभी राहिली. टाटा सन्स या मूळ कंपनीचे सुमारे ६६ टक्के भाग आज टाटांच्या न्यासांकडे आहेत. नफ्याचा मोठा वाटा तिकडे जातो. परळच्या रुग्णालयाच्या दारात ज्याने कधी आपल्या माणसाची फाइल हातात धरून रात्र काढली आहे, त्याला या दानाचे मोल मी सांगायला नको.

मग प्रश्न येतो. इतके सगळे जमेच्या बाजूला असताना मुळशीची ती एक नावे नोंद कशाला उगाळायची? हिशेब एकदाचा वळता करून टाकावा.

बँकेत याला नियम आहे. खातेदाराचे एका खात्यावर देणे असेल आणि दुसऱ्या खात्यात जमा असेल, तर बँक ती रक्कम वळती करून घेऊ शकते. पण दोन्ही खाती एकाच माणसाची आणि एकाच नात्याने उघडलेली असली पाहिजेत. भावाची जमा दाखवून दुसऱ्या भावाचे देणे फेडता येत नाही. रुग्णालयाचे पुण्य देशाच्या खात्यात जमा आहे. मुळशीचे देणे मुळशीच्या घरांच्या खात्यात आहे. खाती वेगळी, नावे वेगळी. ते वळते होत नाही. दोन्ही नोंदी शेजारी शेजारी राहू द्याव्या लागतात, आणि त्याने दोराबजींचे मोठेपण उणे होत नाही. उलट वहीतली नावे बाजू झाकली, तर जमेच्या बाजूवरचाही विश्वास उडतो. हे कोणताही कारकून सांगेल.

आज हे सांगायचे कारण असे, की दानाला आता कायद्याचे रूप आले आहे. ठरावीक मर्यादेपुढच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावे, असा नियम १ एप्रिल २०१४ पासून आहे. चांगलेच आहे. शाळांना संगणक मिळतात, गावाला पाण्याची टाकी मिळते, वार्षिक अहवालात छायाचित्र छापून येते. पण हे दान नफा झाल्यावरचे आहे. दोराबजींचा हिरा नफ्यातून आलेला नव्हता, तो तोट्याच्या तोंडावर उतरवलेला होता. बुडीत कंपन्यांच्या मालकांनी दिलेल्या वैयक्तिक हम्यांना दिवाळखोरी कायद्याचे दात १ डिसेंबर २०१९ पासून आले, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ते उचलून धरले. एकाने आपण होऊन केले, ते बाकीच्यांकडून करवून घ्यायला कायदा आणि न्यायालय लागले.

जमिनीचेही तसेच. १८९४ चा तो कायदा स्वतंत्र भारतानेही पुष्कळ वर्षे जपला. २०१३ मध्ये नवा कायदा झाला, १ जानेवारी २०१४ पासून तो लागू झाला. खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर बाधित कुटुंबांपैकी ऐंशी टक्क्यांची संमती हवी, असे त्यात प्रथमच लिहिले गेले. मुळशीच्या मावळ्यांनी जे मागितले होते ते यापेक्षा फार वेगळे नव्हते. त्यांना ब्याण्णव वर्षे उशिरा उत्तर मिळाले.

आणि दैवाची गंमत पाहा. दोराबजींच्या पैशातून उभ्या राहिलेल्या त्याच समाजविज्ञान संस्थेने पुढे सरदार सरोवराच्या महाराष्ट्रातल्या धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाची पाहणी केली. कोणाला जमीन मिळाली, कोणाला मिळाली नाही, हे तिथल्या लोकांनी घरोघर जाऊन लिहून काढले. हिऱ्याच्या पैशातून निघालेली लेखणी धरणाखाली गेलेल्यांची नावे टिपत होती. दोराबजींनी हे ठरवून केले असे मी म्हणणार नाही. पण न्यासाचा पैसा चांगल्या हाती पडला की तो दात्याला न सुचलेले प्रश्नही विचारू लागतो. दानाची याहून मोठी सार्थकता मला सुचत नाही.

पावसाळ्यात ताम्हिणी घाटाकडे निघालेल्या पुण्या-मुंबईच्या गाड्या मुळशीच्या पाण्याकाठी थांबतात. मुले कणसे खातात, आईवडील छायाचित्रे काढतात. त्या मुलांना हिऱ्याची गोष्ट जरूर सांगावी, दोराबजी आणि मेहेरबाई या दोघांची नावे घेऊन सांगावी. आणि समोरच्या पाण्याखाली काय आहे, तेही सांगावे. पुढे मोठेपणी त्यांच्यातला कोणी कारखाना काढील, कोणी बँकेत बसेल, कोणी जिल्ह्याचा अधिकारी होईल. प्रत्येकापुढे केव्हा ना केव्हा एखादा कागद येईल. त्या कागदावर ज्याचे जाणार आहे त्याची सही आहे की नाही, एवढे पाहण्याची सवय त्यांना लागली, तरी ही गोष्ट सांगितल्याचे चीज होईल.